ओवा-लवंगेची पावडर आणि रव्याची चाळण

पिशवीची शिवण उसवली आणि चैत्रात मसाल्याच्या डंकाजवळ उभं राहावं तसा वास गोठाभर सुटला. आधी लवंग, मग दालचिनी, मागून ओवा, आणि अगदी तळाला लसणीचा दर्प. बाजेवर पडलेल्या अण्णांनी (माझे सासरे, वय ७८) मान वर करून विचारलं, "सूनबाई, गाईंना आता बिर्याणी घालायची का?"

बिर्याणी नव्हती. "वैरण पचवणारी हर्बल पावडर" होती. १० किलोची पिशवी, ३८०० रुपये, कुरिअरचे २४० वेगळे. डिसेंबरात मोशीला कृषी प्रदर्शन भरतं तिथं एका स्टॉलवर बुक केली होती आणि ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली. नाव लिहीत नाही. एक तर याच साच्याच्या चार-पाच पिशव्या बाजारात आहेत, गाईचं चित्र तेवढं वेगळं. दुसरं म्हणजे माझी थोडी तक्रार आहे आणि थोडं कौतुकही आहे, दोन्ही त्या सगळ्यांनाच लागू पडेल. ४५ दिवस वापरून, रोज वहीत लिहून मग हे लिहितेय. घाईत असाल तर एवढंच वाचा: ५ पैकी ३ तारे. का ते खाली.

आमचा गोठा पुण्याजवळ वडकीला, दिवे घाटाच्या पायथ्याशी. १४ गाई, त्यातल्या १२ दुधात. ९ एचएफ (होल्स्टीन) क्रॉस, बाकीच्या जर्सी क्रॉस. ह्यांची हडपसरला कंपनीत ड्युटी असते, त्यामुळं गोठा माझ्याकडं आणि एका गड्याकडं. मुलगा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकतो, शनिवार-रविवार घरी येतो आणि आल्या आल्या मला शिकवायला बसतो. वैरणीला आमच्याकडं हंगामाप्रमाणं थेऊर-लोणीकडून येणारी उसाची वाढी (शेंडे), घरची हत्तीघास, विकतचा ज्वारीचा कडबा आणि एक खड्डा मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण). आंबोणाला सरकी पेंड, गोळी पेंड आणि मक्याचा भरडा.

दुखणं काय होतं ते आधी सांगते. दिवाळीपासून फॅट ३.४ च्या पुढं हलत नव्हती. डेअरीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) भाव धरतात, खाली आलात की पॉइंटाला, म्हणजे दर ०.१ ला, पैसे कापतात. शेण पातळ, त्यात कडब्याचे तुकडे जसेच्या तसे. मक्याचे दाणे दिसायचे ते वेगळंच. कोंबड्या शेणावर तुटून पडायच्या आणि माझ्या पोटात कालवायचं, कारण तो दाणा मी विकत आणलेला.

स्टॉलवरच्या पोरानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मावशी, दोन लिटर वाढणार. युरोपात सगळे हेच वापरतात." दोन लिटरवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. युरोपाचं मात्र अगदीच खोटं निघालं नाही. मुलानं सांगितलं ते असं: जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविकं मिसळायला युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. मग कंपन्या पर्याय शोधायला लागल्या आणि झाडाझुडपांच्या तेलांवर, अर्कांवर, तुरट द्रव्यांवर येऊन पोचल्या. म्हणजे आपल्या मिसळणाच्या डब्यातल्याच वस्तू तिकडं फिरून, चकचकीत पिशवीत भरून मोशीला आल्या.

आता ही पावडर गाईच्या पोटात करते काय, हे मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण पिशवीवर "पचनशक्ती वाढवते" यापलीकडं काही छापलेलं नव्हतं.

कडबा गाय पचवतच नाही. गाईच्या स्वतःच्या अंगात वैरणीतल्या धाग्याचं (तंतूंचं) पचन करणारं काहीच नाही. तिच्या कोटीपोटात, शंभर-सव्वाशे लिटर मावेल अशा त्या रांजणात, जिवाणू, बुरशी आणि आदिजीव राहतात. ते धाग्याला चिकटून तो कुजवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात ती गाय रक्तात ओढून घेते आणि त्यावर जगते. त्यातलं ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच, ते कासेत जाऊन फॅट होतं. म्हणून वैरण नीट पचली की फॅट लागते, नाही पचली की पेंडीची पोती ओतूनही लागत नाही. आणि धागा पचवणारे हे जिवाणू फार नाजूक. पोट आंबट झालं, सामू (पीएच) सहाच्या खाली गेला की ते काम टाकतात. जास्त पेंड, जास्त भरडा म्हणजे जास्त आंबटपणा. दुधासाठी पेंड वाढवायची आणि त्याच पेंडीनं वैरणीचं पचन मारायचं, हे आम्ही सगळेच करतो.

आता गंमत ऐका. ओव्यातला थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, लसणीतलं ॲलिसिन, ही सगळी मुळात जंतू मारणारी द्रव्यं आहेत. झाडानं ती स्वतःच्या बचावासाठी केलेली. यातली बरीचशी जिवाणूच्या अंगावरचं आवरण फोडतात. मग जंतू मारणारी वस्तू जंतूंच्या जिवावर चालणाऱ्या पोटात घालून पचन सुधारायचं कसं? मी मुलाला हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आई, सगळा खेळ मापाचा आहे." थोड्या मात्रेत काही जिवाणू दबतात, काही तगतात आणि पोटातली वस्ती बदलते. रिठा-शिकेकाईत जे फेसाळ द्रव्य असतं त्यानं आदिजीव कमी होतात. हे आदिजीव जिवाणूंना खातात, म्हणून ते घटले की जिवाणूंना मोकळं रान. मिथेन वायू ढेकरांतून जातो, त्यात खाल्लेल्या वैरणीतली २ ते १२ टक्के ऊर्जा हवेत उडते. तोही थोडा कमी व्हावा अशी अपेक्षा. पण माप चुकलं, जास्त पडलं, की जे धागा पचवतात तेच आधी मरतात, कारण त्यांच्यातल्या काहींचं आवरण या तेलांपुढं जास्तच कच्चं. म्हणजे पचन वाढवायला आणलेली पावडर पचन बंद पाडू शकते. हे वाक्य पिशवीवर मोठ्या अक्षरांत हवं होतं.

आणि नेमकं माप, तेच पिशवीत नव्हतं. "रोज ३० ग्रॅम प्रति जनावर" छापलंय, पण आत चमचा नाही. फोन केला तर म्हणे, "ताई, अंदाजे दोन चमचे." कुठले चमचे? पोह्याचे, चहाचे, का आमटीचा डाव? शेवटी घरच्या वजनकाट्यावर मोजून एका जुन्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर खूण केली. अशी सहा टोपणं म्हणजे ३० ग्रॅम. दुसरी गोष्ट, मागच्या बाजूला नावं आहेत: ओवा, लवंग, दालचिनी, लसूण, मेथी, "वाहक पदार्थ". कशाचं किती, ते नाही. वाहक पदार्थ म्हणजे काय? चुनखडी असेल, तांदळाचा कोंडा असेल, मी तीन ठिकाणी विचारलं, कुणी सांगितलं नाही. ३८० रुपये किलोनं मी कोंडा घेतेय का लवंग, हे कळायचा मला हक्क आहे की नाही? एक तारा इथं गेला.

१२ गाईंचे दोन गट केले, सहा-सहा. दोन्हीकडं दिवाळीच्या आसपास व्यालेल्या दोन-दोन, जुन्या वेताच्या दोन-दोन आणि उरलेल्या अधल्यामधल्या. एका गटाला पावडर, दुसऱ्याला नाही. बाकी वैरण, पेंड, पाणी सगळं सारखं. डेअरीत ह्यांच्या नावाचा एक कोड आहे आणि अण्णांच्या नावाचा एक. पावडरवाल्या गाईंचं दूध ह्यांच्या कोडवर आणि बिनपावडरवाल्यांचं अण्णांच्या कोडवर घालायला लागले. दोन वेगळ्या कॅन, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, फॅट-एसएनएफ वेगवेगळं. संकलन केंद्रावरचा माणूस चौथ्या दिवशी म्हणाला, "काय वहिनी, वाटणी झाली का घरात?" आठवडाभर गावात हीच चर्चा होती.

पहिल्या दिवशी आंबोणात पावडर मिसळून गव्हाणीत टाकली. हौशीनं, आमची सगळ्यात खादाड गाय, नाक खुपसलं, फुरफुर केलं आणि मान फिरवली. चंद्रीनं चाटून पेंड तेवढी खाल्ली आणि पावडर गव्हाणीच्या कडेला लावून ठेवली. तीन दिवस असंच. मग थोडा गूळ पाण्यात कालवून त्यात पावडर आणि वरून भरडा, असं केल्यावर पाचव्या दिवसापासून सगळ्या खायला लागल्या. गुळाचा खर्च वेगळा, तो हिशेबात धरलेला नाही. पावडर घालायची ती धार काढून झाल्यावरच, आधी नाही. लसणीचा वास दुधाला लागतो, हे हत्तीघासातून रानकांदा खाल्लेल्या गाईच्या चहानं आम्हाला एकदा शिकवलंय. पावडरीचा वास दुधाला एकदाही आला नाही, हे सांगायला हवं. घरात चहा रोज त्याच दुधाचा होता.

आता शेणाचं. डॉक्टरांनी (आमच्याकडं येणारे, सरकारी दवाखान्यातले) मागं एकदा सांगितलं होतं, की वैरण पचली का बघायचं तर दूध बघू नका, शेण धुऊन बघा. हे मी प्रत्येक वैरणवाल्याला सांगणार आहे, पावडर घ्या न घ्या. एक तांब्या ताजं शेण घ्यायचं. एका गाईचं नको, गटातल्या चार-पाच गाईंचं थोडं थोडं. जुनी रव्याची चाळण घ्यायची, घरातली नको, घरातले जेवणार नाहीत. नळाच्या हलक्या धारेखाली शेण चाळणीत हातानं फिरवत राहायचं. आधी हिरवट काळं पाणी जातं, मग चहासारखं, मग पाणी स्वच्छ होतं आणि चाळणीवर उरतं ते तुमचं खरं प्रगतिपुस्तक. पहिल्या दिवशी माझ्या चाळणीवर काय होतं? बोटाच्या नखाएवढे कडब्याचे तुकडे, चिमटीत धरून ओढले तरी तुटत नव्हते, वाढ्याचे दोरे, सरकीची सालं आणि मक्याचे सात-आठ पिवळे तुकडे. मुठीत घेऊन पाणी पिळलं आणि वजन केलं. पावडरवाला गट १८५ ग्रॅम, दुसरा १८०. जवळजवळ सारखे, म्हणजे गट बरे पाडले होते.

दर रविवारी हेच. मुलगा चाळण धरायचा, मी धुवायची, अण्णा बाजेवरून शेरे मारायचे.

रवंथही मोजली. दुपारी एक ते दोन, गाई बसलेल्या असताना. एक घास वर आला की तो खाली जाईपर्यंत गाय किती वेळा चावते ते मोजायचं, पन्नास-साठच्या घरात असलं की बरं. आमच्या गाई जानेवारीत ४५-४८ वर अडकलेल्या. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात, आमच्या बारापैकी चार-पाच दिसायच्या. रवंथ महत्त्वाची कशानं, तर चावताना लाळ सुटते. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत सोडा असतो, खायच्या सोड्याचाच भाऊ. पोटाचा आंबटपणा गाय स्वतःच असा मारते. हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं गोठा करतेय आणि माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात घोळ झाला. माहेरी भाचीचं लग्न होतं, दोन दिवस मी मंचरला. गड्याला सांगून गेले होते, "सहा टोपणं." त्यानं टोपण बाजूला ठेवलं आणि मूठ-मूठ घातली, दोन्ही वेळेला. त्याचं म्हणणं, औषध चांगलं आहे तर जरा जास्त घातलेलं बरं. मी परत आले तेव्हा हौशी आणि गौरी गव्हाणीसमोर मान खाली घालून उभ्या. वैरण तशीच पडलेली. रवंथ नाही. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली तर पोट हलतच नव्हतं. एरवी मिनिटाला एक-दोनदा मूठ वर ढकलली जाते. संध्याकाळच्या धारेला दोघी मिळून चार लिटर कमी. डॉक्टर आले, म्हणाले, पावडर तीन दिवस बंद, पेंड निम्मी, नुसता कडबा आणि वाळलेली हत्तीघास, सोबत थोडा सोडा. तिसऱ्या दिवशी हौशी रवंथ करत बसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. गड्यावर चिडले, पण खरं सांगू का, चमचा पिशवीत असता तर त्यानं मूठ घातली नसती. कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा आधी म्हणाला, "हर्बल आहे ताई, त्यानं काही होत नाही." मग म्हणाला, "वरिष्ठांना कळवतो." वरिष्ठांचा फोन आजतागायत आलेला नाही. हर्बल म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी शिकवलं यांना? कण्हेरही हर्बलच आहे.

तीन दिवसांनी पुन्हा मापानं सुरू केली. त्याच सुमाराला उसाची वाढी संपत आली आणि मुरघासाचा खड्डा उघडला, त्यामुळं वैरण बदलली. पण दोन्ही गटांची एकदमच बदलली, म्हणून तुलना मोडली नाही. मुलाचा हाच आग्रह होता. तो म्हणाला, एकच गट करून आधी-नंतर बघितलं असतं तर मुरघासाचं श्रेय पावडरीला गेलं असतं. मला वाटतं स्टॉलवरच्या पोराचे दोन लिटर असेच कुठल्या तरी मुरघासातून आलेले असणार.

आता आकडे. सुरुवातीला पावडरवाल्या गटाचं गाईमागं सरासरी १३.२ लिटर, फॅट ३.४. दुसऱ्याचं १३.० लिटर, फॅट ३.४. पहिले १५ दिवस फरक शून्य. मधले १५ दिवस त्या घोळानं आधी थोडं खाली, मग थोडं थोडं वर. शेवटचे १५ दिवस पावडरवाल्यांचं १३.५ आणि फॅट ३.६, बिनपावडरवाल्यांचं १२.८ आणि फॅट ३.५. दुसऱ्यांची फॅट वाढली ती मुरघासानं, हे उघड आहे. म्हणजे पावडरीच्या पदरात पडलं ते साधारण अर्धा लिटर आणि फॅटचा एक पॉइंट.

पैशात मांडते. ३० ग्रॅम म्हणजे रोज ११ रुपये ४० पैसे गाईमागं. ४५ दिवसांचे ५१३ रुपये. आमच्या चिठ्ठीवर ३४ रुपये भाव, अर्ध्या लिटरचे १७ आणि फॅटच्या पॉइंटाचे ३० पैशांप्रमाणं चार, असे २१ रुपये रोजचे. पण हे शेवटच्या १५ दिवसांचे, म्हणजे ३१५. मधल्या पंधरवड्यात साधारण निम्मे धरले, १५७. एकूण ४७२. खर्चापेक्षा ४१ रुपये कमी. हौशी-गौरीचं बुडालेलं दूध आणि गूळ धरला तर आणखी खाली. ९० दिवस सलग दिली असती तर पुढचे दिवस फायद्यात गेले असते असं वाटतं खरं. पण पोटातले जिवाणू या तेलांना हळूहळू सरावतात आणि परिणाम ओसरू शकतो, असं मुलाच्या पुस्तकात आहे. शिवाय सहा गाई म्हणजे फार नाही. एक गाय माजावर आली तरी सरासरी हलते. दुधाच्या आकड्यावर मी जीव टांगणार नाही.

पण चाळणीवर टांगते. सहाव्या रविवारी पावडरवाल्या गटाचं पिळलेलं १५० ग्रॅम भरलं, दुसऱ्याचं १७०. आणि वजनापेक्षा रूप बघा. १५० वाल्या गोळ्यात नखाएवढे तुकडे जवळपास नव्हते, होते ते मऊ, बोटात चोळले की कुसकरणारे. मक्याचे दोन तुकडे. शेणाचा पो आता पसरत नव्हता, थापीसारखा बसत होता आणि वर मधोमध खळगा. रवंथ ५५-५८ वर आली होती. दुसऱ्या गटातही सुधारणा होती, मुरघासाची, पण इतकी नाही. म्हणजे ही पावडर अगदी कोंडा नाही. काहीतरी करते. हे कौतुक.

मग मी आणि मुलानं एक आगाऊपणा केला. म्हटलं, एवढंच असेल तर घरी का करू नये? रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो, ओवा, लवंग, दालचिनीचा भाव काढला. ओव्यात तेल दोन ते चार टक्के, त्यातलं साधारण निम्मं थायमॉल. लवंगेत पंधरा-वीस टक्के तेल, तेही बहुतेक युजेनॉलच. तेलांच्या मिश्रणाचे जे प्रयोग झालेत त्यात बऱ्याचदा गाईला दिवसाला १ ग्रॅमच्या आसपास तेल दिलेलं असतं. म्हणजे ५-६ लवंगा नव्हेत, पाच-सहा ग्रॅम लवंग, मूठभर नक्कीच नाही. हिशेब केला तर घरचं पावडरीहून काहीसं स्वस्त पडत होतं. पण प्रत्येक पोत्यातल्या ओव्यात तेल वेगळं, जुन्या ओव्यात तर नुसतीच काडी. माप पुन्हा सुटलं असतं. हौशीचा चेहरा आठवला आणि ओवा भजीपुरता घेऊन परत आलो.

अण्णा यावर फार खूश झाले. पोटफुगीला ते पूर्वापार ओवा, सुंठ, हिंग, काळं मीठ गोडेतेलात कालवून पाजत आलेत. "आम्ही हेच करत होतो, तुम्ही आता पिशवी विकत आणता." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही आजारी गाईला एकदा पाजायचा. हे रोज चालू गाईला घालायचं आहे." ते जरा गप्प बसले आणि मग १९६७ वर गेले. त्या वर्षी मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही गाईंच्या संकराचं काम करणारी संस्था सुरू केली. पुढं काही वर्षांनी अण्णांच्या दावणीला पहिली संकरित कालवड आली ती उरुळीच्या कांडीची (कृत्रिम रेतनाच्या). त्याआधी दोन खिल्लार गाई, दिवसाला दोन-अडीच लिटर आणि खायला नुसता कडबा नि बांधावरचं गवत. "त्यांना पावडर लागायची नाही," अण्णा म्हणाले. लागायची नाही हे खरं, कारण त्यांना आठ किलो पेंडही पडत नव्हती.

त्या बोलण्यावरूनच डोक्यात आलं ते कुट्टीचं. पूर्वी कडबा अख्खा नाहीतर कोयत्यानं तोडून पडायचा. आमचं कुट्टीचं यंत्र मागच्या वर्षी नवं घेतलं, तेव्हापासून कुट्टी पार भुशासारखी, अर्ध्या इंचाहून बारीक. बारीक केली की गाय वाया घालवत नाही, म्हणून आम्ही खूश. डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी चिमटीत धरून फुंकर मारली, उडाली. म्हणाले, "हे चावायला आहे काय तिला? लाळ कुठून सुटणार? हे कोटीपोटात थांबतच नाही, तसंच पुढं सरकतं." पाती काढून धार लावली आणि पुन्हा बसवताना कुट्टी इंचाच्या वर नेली. पेंड दोन वेळेऐवजी तीन वेळा वाटून, तीही वैरण खाल्ल्यावर. हे ४५ दिवस संपल्यानंतर, दोन्ही गटांना, पावडर पूर्ण बंद करून. बारा दिवसांत अण्णांच्या कोडची फॅट ३.५ वरून ३.७. ह्यांच्या कोडची ३.६ वरून ३.७. चाळणीवर दोन्हीकडं १४५ च्या आसपास. खर्च पात्यांना धार लावायचे ८० रुपये.

मग पावडर टाकून द्यायची का? नाही. कुट्टी, पेंडीच्या वेळा, मुरघास हे सगळं बसलेलं असेल आणि तरी उन्हाळ्यात जुना, लाकडासारखा झालेला कडबा घालायची वेळ आली, तर वर थोडी मदत म्हणून चालेल. एक ध्यानात ठेवा, कडब्यात लिग्निन म्हणून जो कडक भाग असतो तो कुठल्याही ओव्या-लवंगेनं पचत नाही, कोटीपोटातल्या जिवाणूंना तो सुटतच नाही. निव्वळ जुन्या काडासाठी युरियाची प्रक्रिया जास्त कामाची. १०० किलो वाळक्या वैरणीला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून ताडपत्रीखाली तीन आठवडे बंद ठेवायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ती वैरण द्यायची नाही, आणि मापात चूक अजिबात नको, युरिया विष आहे. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा.

ज्यांच्या गाई २० लिटरच्या वर आहेत, पेंड जास्त जाते आणि माप पाळणारा माणूस गोठ्यात आहे, त्यांना या पावडरीचा फायदा माझ्यापेक्षा जास्त दिसेल असं वाटतं. सात-आठ लिटरच्या गाईला घालू नका, ११ रुपये निघणार नाहीत. गाभण गाईला मी दिली नाही, पिशवीवरही त्याबद्दल काही नाही.

तारे असे गेले: पहिला गेला चमचा आणि घटकांचं प्रमाण न दिल्याबद्दल, दुसरा फोनवरच्या उत्तराबद्दल. तीन ठेवले ते चाळणीवरच्या गोळ्यासाठी. पॅकिंग चांगलं होतं, आतली प्लॅस्टिकची पिशवी जाड, ४५ दिवसांत पावडरीला दमट धरलं नाही, वासही शेवटपर्यंत टिकला. एका कोपऱ्यात सुपारीएवढे खडे निघाले, ते फोडून वापरले.

दीड किलो उरलीये. डब्यात घट्ट झाकण लावून ठेवलीये, टोपण दोऱ्यानं डब्यालाच बांधलंय. परवा त्या स्टॉलवरच्या पोराचा फोन आला, वरिष्ठांचा नव्हे. "मावशी, रिझल्ट कसा? गाईबरोबर एक व्हिडिओ पाठवता का, पेजवर टाकतो." मी म्हटलं, पाठवते. रविवारी मुलगा आला की शेण धुतानाचा काढणार आहे.